दुसरा फोन

माझी धाकटी बहीण कॉलेजात पत्रकारिता शिकवायची. बाहेर कोणी विचारलं तर ती तसंच सांगायची. घरात माझ्यापाशी मात्र म्हणायची, "दादा, मी पुरवठा खात्यात आहे. मी माणसं तयार करते, पेपरवाले वापरतात, आणि नंतर काय होतं ते तुला माहीत आहे."

तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला गळ घातली की मामा, बाईंबद्दल तुम्ही लिहा, तुम्ही त्यांच्याबरोबर राहता. मी जन्मभर भूमापन कार्यालयात नकाशे काढले. माझ्या हातून रेघ सरळ जाते, वाक्य जाईलच असं नाही. हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांनी ऐकलं नाही. मग बहिणीला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण मला चांगली ठरवू नकोस आणि पाल्हाळ लावू नकोस. पहिलं सांभाळतो. दुसऱ्याची खात्री देत नाही.

ती मुळात बातमीदार नव्हती. एका दैनिकात उपसंपादक होती. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या नीट करायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे, हे तिचं काम. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बातमीदाराला एकदा भर सकाळी ऑफिसच्या दारातच गोळ्या घातल्या. त्याच्या मरणाच्या बातमीला मथळा तिलाच द्यावा लागला. चार स्तंभांत अक्षरं बसत नव्हती, म्हणून तिने त्याचं आडनाव काढलं आणि घरी येऊन मला सांगितलं की आज मी त्याचं आडनाव कापलं. पुढे ते दैनिक बंद पडलं आणि कॉलेजने तिला बोलावून घेतलं. आपण स्वतः कधी बाहेर पडलो नाही आणि दुसऱ्यांना बाहेर पडायला शिकवतो, ही गोष्ट तिला अजून टोचते.

आमच्याकडे बातमीदार मारले जातात हे इथल्या वाचकांना मी काय सांगणार? वाळू, खाणी, जमिनी, निवडणूक. कारण कोणतंही असो, शेवटी मोटारसायकलवरून दोघे येतात. म्हणून तिच्या वर्गात पहिल्या दिवशी लेखणीला हातही लावायचा नसे. ती मुलांना डोळे मिटायला लावायची आणि विचारायची, दार आत उघडतं की बाहेर? खिडक्यांना गज आहेत का? तुमच्या मागे कोण बसलंय? बहुतेकांना काही सांगता यायचं नाही. मग ती म्हणायची, तुम्हाला लिहायला नंतर शिकवते, आधी बसायला शिका. बाकं तिने भिंतीला लावून ठेवली होती. दाराकडे पाठ करून बसलेला तिला चालायचा नाही. ज्या रस्त्याने गेलात त्याने परतायचं नाही. पायात नाडीचे बूट हवेत, चपला नाहीत. ती म्हणायची, बातमी उद्याही लिहिता येते, पण त्यासाठी उद्या लागतो.

आणि मग तिचा तो दोन फोनांचा नियम. बातमीसाठी बाहेर पडणाऱ्याने कुठे जातोय ते आधी तिला समोरासमोर सांगायचं. फोनवर जागेचं नाव घ्यायचं नाही, कारण फोन कोण ऐकत असेल सांगता येत नाही. निघताना आमच्या घरी एक फोन करायचा आणि फक्त 'निघालो' म्हणायचं. परतल्यावर दुसरा फोन, 'परतलो'. दिवस मावळायच्या आत दुसरा फोन आला नाही, तर ती शोधायला ओळखीची माणसं पाठवणार. आणि परीक्षेच्या बातमीच्या वेळी दुसरा फोन चुकवला तर ती बातमी वाचणारच नाही, सरळ शून्य.

फोन घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त, विधुर आणि घरीच. मला फोनवर बोलता येत नाही. पण इथे बोलायचं काहीच नव्हतं. मुलं तिला बाई म्हणत, म्हणून मी आपोआप मामा झालो. "मामा, निघालो." "बरं." "मामा, परतलो, अजून अख्खा आहे." "बरं." एक जण तर रोज म्हणायचा, मामा, आज तरी दोन शब्द बोला. त्याला वर्गात लंबू म्हणत. दारातून वाकून यावं लागायचं त्याला.

तो पास होऊन नोकरीला लागला तरी त्याने फोन करायचं सोडलं नव्हतं. नदीतून वाळू कोण उपसतं त्यावर तो लिहीत होता. एका दुपारी 'निघालो' म्हणाला आणि दुसरा फोन आला नाही. बहिणीने माणसं पाठवली, पण ती पोचेपर्यंत पुलाखाली तो सापडला होता. ओळख पटवायला तीच गेली. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला वर्गावर गेली. फक्त भिंतीवरचे दर वर्षीचे ग्रुप फोटो तिने काढून कपाटात ठेवले, कारण नवी मुलं मधल्या सुट्टीत त्या फोटोंतली कोण कोण गेली ते एकमेकांना दाखवत बसायची.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. आई शिवणकाम करायची, दोघींचं बाजारात छोटंसं दुकान होतं. या मुलीच्या कॉलरला सदा दोन-तीन टाचण्या टोचलेल्या असायच्या, आणि अंगाने नि बोलण्यानेही ती तशीच, म्हणून तिला टाचणी म्हणत. बहिणीच्या तोंडून मी कोणाचं कौतुक फारसं ऐकलेलं नाही. टाचणीबद्दल ती एकदा म्हणाली, हिचा मजकूर कापायला घेतला की माझाच हात थांबतो.

परीक्षेच्या बातमीसाठी टाचणी दगडखाणीवर गेली. पहिला फोन आला. दुसरा आला नाही. दिवस मावळला तशी बहिणीने माणसं पाठवली. माणसं हात हलवत परत आली, आणि आम्ही दोघं रात्रभर फोनसमोर बसून राहिलो. सकाळी फोन वाजला. "मामा, परतले. बसमध्येच झोप लागली, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, फोन बंद पडला, पहाटे घरी येऊन तशीच आडवी झाले." बहिणीने माझ्या हातून फोन ओढून घेतला, तिला गाढव म्हणाली, आणखीही बरंच म्हणाली. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ आत राहिली. चिडली होती, पण बातमी तिने वाचली. वाचून मला म्हणाली, दादा, इतकी वर्षं शिकवतेय, अशी आली नव्हती.

निकाल लागायच्या आधी टाचणीची आई आमच्या घरी आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पिशवी मांडीवर धरून. चहा घेतला. मग म्हणाली, "बाई, एक मागते. नाही म्हणाल, पण ऐकून घ्या. तिला नापास करा."

बहिणीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिने सांगितलं की ही वर्गात पहिली येणारी मुलगी आहे.

"म्हणून तर आले. ढ असती तर आपोआप झाली असती." ती थोडी हसली, मग हसू गेलं. "पास झाली की शहरातल्या पेपरात लागणार. नापास झाली की दुकानात बसेल. बाई, लंबूची आई माझ्याकडे आली होती. त्याचे शर्ट घेऊन. धाकट्याच्या मापाचे करून द्या म्हणाली. मी बाह्या उसवल्या, उंची कमी केली, दिले करून. माझी गेली तर तिचे कपडे मी कोणाच्या मापाचे करू? मला तर दुसरं नाही."

बहीण म्हणाली की असं करता येत नाही, हे माझ्या हातात नाही. टाचणीच्या आईने ऐकून घेतलं. उठून स्वतःची कपबशी विसळून ठेवली आणि गेली.

पुढचे काही दिवस बहीण टाचणीची बातमी काढून पुन्हा पुन्हा वाचायची. मग एकदा स्वयंपाकघरात मी भांडी पुसत होतो, तेव्हा तिने मला विचारलं, तू काय करशील? मी एवढंच म्हटलं, "ती तुझी मुलगी नाही."

"म्हणूनच जमेल," ती म्हणाली. "माझी असती तर माझी छाती झाली नसती."

तिने नियम लावला. दुसरा फोन दिवस मावळायच्या आत आला नाही, म्हणून शून्य. इतर विषयांत टाचणीला भरपूर गुण होते, पण बातमीत शून्य म्हणजे नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल असं खाली लिहिलं होतं.

टाचणी घरी आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली. म्हणाली, "बाई, नियम होता, मी मोडला. पण मागच्या वर्षी तिघांनी मोडला होता, त्यांना तुम्ही नुसतं झापलंत."

"यंदापासून लावायचा ठरवलंय."

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. "मामा, मी सकाळी फोन केला होता ना?"

"केला होतास," मी म्हटलं.

"तेवढं पुरे." आणि ती गेली.

तिच्या आईला वाटलं तसं झालं नाही. शहरातल्या दैनिकाने प्रमाणपत्र नाही म्हणून तिला घेतलं नाही. या दैनिकात तरी बातमीदाराला एकटं सोडत नसत. गाडी असायची, बरोबर एक माणूस, आणि ऑफिसात बसून दर थोड्या वेळाने खबर घेणारा एक म्हातारा कटकट्या वृत्तसंपादक. टाचणी दुकानात बसली नाही. ती खाणींच्या भागातल्या एका साप्ताहिकाकडे गेली. त्या संपादकाने प्रमाणपत्र विचारलं नाही. मोटारसायकल चालवता येते का, एवढंच विचारलं. गाडी नाही, जोडीदार नाही, ओळखपत्रही नाही.

हे आम्हाला तिच्या आईकडूनच कळलं. ती पुन्हा आली, त्याच खुर्चीच्या कडेला बसली. दोष दिला नाही. बहीण मान खाली घालून बसली होती, तिला उलट हीच म्हणाली की तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मग विचारलं, "तुमच्याकडे तिचा फोन येतो का? माझ्याकडे आठवड्याला येतो, पण काय करते ते सांगत नाही."

तेव्हा येत नव्हता. नंतर एका दुपारी आला. "मामा, निघाले."

मी म्हटलं, "बाईंना देऊ?"

"नको."

संध्याकाळी पुन्हा आला. "परतले." म्हणजे तिने नियम सोडला नव्हता, बाईंना सोडलं होतं. त्यानंतर असे फोन येत राहिले. फोन वाजला की बहीण कामं टाकून दारात येऊन उभी राहायची. मी फोन ठेवला की माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हणायचो, निघाली. किंवा, आली. पण कुठे निघाली हे आता कोणालाच माहीत नसायचं. जागा सांगायची ती बाईंना, समोरासमोर. ती वाटच बंद झाली होती.

हे बहिणीला सहन होईना. ती प्राचार्यांकडे गेली आणि म्हणाली की मी एका मुलीला चुकीचे गुण दिले. प्राचार्य भला माणूस, कागदाला घाबरणारा. तो म्हणाला, बाई, नियमानेच दिलेत ना, मग कशाला उकरताय? ती म्हणाली, नियम बाकीच्यांना लावला नाही, एकटीलाच लावला. मग चौकशी समिती बसली. तिला विचारलं, असं का केलंत? ती म्हणाली, मला तिची भीती वाटली. समितीतल्या एकाने विचारलं, तिची की तिच्यासाठी? ती म्हणाली, तुम्हाला जे लिहायला सोपं जाईल ते लिहा. टाचणीच्या आईचा उल्लेख तिने केला नाही. निकाल सुधारला गेला. बहिणीला शिकवणं थांबवायला सांगितलं. आता त्या वर्गात जाहिरात आणि जनसंपर्क शिकवतात. बाकं पुन्हा ओळीने लावली आहेत असं ऐकतो.

शहरातलं दैनिक आता टाचणीला घ्यायला तयार होतं. तिचा पुढचा फोन आला तेव्हा मी, माझ्या मानाने, पुष्कळ बोललो. प्रमाणपत्र आलंय, नोकरी आहे, बाईंनी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, हे एक हातात आहे तेवढं संपवते आणि येते. निघाले."

मी विचारलं, "कुठे आहेस?"

"मामा, फोनवर?" ती हसली. आपल्याच बाईंचा नियम ती मला शिकवत होती. तिने फोन ठेवला.

दुसरा फोन आला नाही.

माणसं पाठवायची तर कुठे? बहिणीने साप्ताहिकाच्या संपादकाला फोन लावला. तो म्हणाला, ती मला सांगून जात नाही, मीच सांगू नकोस म्हटलंय, मला माहीत नसलेलं बरं. टाचणीच्या आईला बोलावलं. मी त्या भागाचा जुना नकाशा काढून टेबलावर पसरला. त्यातला एकेक ओढा, एकेक बैलगाडीवाट मी माझ्या हाताने काढलेली. त्या दोघी दोन बाजूंना उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या आणि मधेच माझ्याकडे. मला त्या नकाशात सगळं सांगता येत होतं, फक्त मुलगी कुठे आहे ते नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आधी कोणी नर्स बोलली, मग तिने फोन कोणाच्या तरी कानाला लावला. आवाज टाचणीचा होता, पण लांबून आल्यासारखा. "मामा, परतले नाही, पण आहे. बाईंना सांगा, उशीर झाला. शून्य द्या म्हणावं."

गोळी उजव्या खांद्यातून गेली होती. ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात रात्रभर पडून होती. सकाळी एका ट्रकवाल्याने पाहिलं. डॉक्टर म्हणाले, काही तास आधी आणली असती तर हात वाचला असता. हात आहे, पण उचलत नाही.

ती बरी होऊन आईच्या दुकानात येऊन बसायला लागली, तेव्हा बहीण प्रमाणपत्र घेऊन तिकडे गेली. मला बरोबर नेलं. दुकानात दोन शिलाई मशिनं, कापडाच्या चिंध्या, भिंतीला टांगलेली अर्धवट शिवलेली झंपरं. आई मशिनवर होती. टाचणी स्टुलावर बसून डाव्या हाताने बटणं डब्यात टाकत होती. बहिणीने प्रमाणपत्र तिच्यापुढे ठेवलं. टाचणीने ते वाचलं, अगदी सहीपर्यंत.

"बाई, एकच सांगा. का केलंत?"

"चूक झाली माझी," बहीण म्हणाली.

"चूक ही माहिती झाली. मी कारण विचारतेय."

मशिन थांबलं. आईने मान वर केली नाही, सुईखालचं कापड हाताने सरळ करत राहिली आणि म्हणाली, "चूक त्यांची नाही. मी गेले होते त्यांच्या घरी. मीच म्हटलं, नापास करा."

टाचणी आधी आईकडे बघत राहिली, मग बहिणीकडे. डाव्या हाताने तिने आपला उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, जसं आपण एखादी वस्तू ठेवतो.

"छान वाचवलंत दोघींनी मिळून," ती म्हणाली.

थोड्या वेळाने मशिन पुन्हा सुरू झालं. आम्ही उठलो. रस्त्याला लागल्यावर बहीण म्हणाली, दादा, प्रश्न बरोबर विचारला तिने. दुसऱ्यांदा विचारला. मीच शिकवलं होतं, पहिल्या उत्तरावर उठायचं नाही.

टाचणी आता शहरातल्या दैनिकात आहे. डाव्या हाताने लिहायला शिकली. आईने तिला अडवलं नाही. माझा तो नकाशा मी त्यांच्या दुकानात भिंतीला लावून दिला आहे. खाणींच्या भागात निघायचं असलं की टाचणी आधी दुकानात येऊन त्यावर एका जागी बोट ठेवते, आई ते बघते, दोघी बोलत नाहीत. फोन मात्र आमच्याकडेच येतात, तिचे आणि बाकीच्या जुन्या मुलांचेही. माझ्या कानांना अलीकडे नीट ऐकू येत नाही, म्हणून बहुतेक फोन बहीणच घेते. शिकवणं गेल्यापासून तिला दुसरं काम नाही. बाकीची मुलं म्हणतात, बाई, निघालो. टाचणी म्हणते, मामांना द्या. बहीण माझ्या हातात फोन देते आणि दारात जाऊन उभी राहते.

आज दुपारीही फोन तिनेच उचलला. मी इथे टेबलाशी हेच लिहीत होतो. तिने ऐकलं आणि फोन ठेवून दिला. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, टाचणी. निघाली. आज मामांना द्या म्हणाली नाही. घाईत असेल, विसरली असेल, मला त्यातून काही काढायचं नाही. बहिणीनेही काढलं नाही. तिने फक्त खुर्ची ओढून फोनजवळ घेतली.

आता बाहेरचा उजेड कमी होत चाललाय. ती मघाशी दोनदा म्हणाली, दादा, कागद आवर. टेबलावर पसारा असला की फोन पटकन हाताला येत नाही. म्हणून थांबतो.